पिशवीतले केस

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भांगाचं रुंदीकरण सुरू झालं. आधी तो आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीएवढा होता, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने थांबावं असा. मे महिन्यात मोबाइल डोक्यावर उलटा धरून फोटो काढला, तर थेट द्वारका चौकावरून जाणारा हायवे दिसला. फोटो नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, नीट पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं गाव?"

मी हसले. मला हसायला आवडतं आणि लोकांना हसवायला त्याहून जास्त आवडतं. पण त्या दिवशी हसता हसता मी तो फोटो पुसून टाकला.

कारण मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझ्या आईचं हे असंच सुरू झालं होतं. केस गळायला लागले. आम्ही भावंडं तिला चिडवायचो. ती माक्याचं तेल लावायची आणि आमच्याबरोबर हसायची. पाय सुजले तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं, तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. केस गळायला लागल्यापासून वर्षभरात आई गेली. तेव्हा तिला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. गेल्या उन्हाळ्यात मला अठ्ठेचाळिसावं लागलं.

शहाण्या बाईने रक्त तपासून घेतलं असतं. मी कांद्याचा रस लावला.

नाशिक जिल्ह्यात कांद्याला काय तोटा? पंधरा दिवस माझ्या डोक्याला लासलगावच्या मार्केटचा वास येत होता. शेअर रिक्षात शेजारची बाई डोळे पुसायला लागली, मी तिला आपुलकीने विचारलं, "काही दुःख आहे का हो?" ती पुढच्याच चौकात उतरली. मग मी भांगात काजळ भरायला लागले. एका डोहाळजेवणाला गच्चीवरच्या उन्हात ते काजळ वितळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं, आणि मी ते इतक्या थाटात पदराने टिपलं की दोन बायकांना वाटलं, ही काही नवी रीत असेल.

रोज सकाळी मात्र कंगव्यात अडकलेला गुंता पाहिला की मला आईचे पाय आठवायचे.

आमच्या घरात बायका दोनच. खालच्या मजल्यावर मी, वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ. भाऊ दोन, मजले दोन, स्वयंपाकघर एक. जाऊ येवल्याची. लग्नात लोकांनी तिच्या पैठणीपेक्षा तिची वेणीच जास्त पाहिली होती, आणि हे मी पंचवीस वर्षं विसरले नाही.

विंचरून निघालेले केस मी कचऱ्यात टाकत नाही. सासूबाईंची पद्धत होती तीच माझी. बोटाभोवती गुंडाळायचे आणि जिन्याच्या खिडकीला लटकवलेल्या पिशवीत टाकायचे. महिन्यातून एकदा सिन्नरहून एक बाई येते, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, कमरेला छोटा काटा. केस घेते आणि वजनाप्रमाणे भांडं देते. त्या केसांची गंगावनं होतात, टोप होतात. जावेला या प्रकाराची किळस. "आपले केस कुठल्या कोणाच्या डोक्यावर," म्हणायची, आणि आपला गुंता सरळ कचऱ्यात टाकायची. म्हणजे ती पिशवी माझी एकटीची, आणि तिच्यातलं वजनही माझं एकटीचं.

डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती, म्हणून मी त्या काट्यालाच डॉक्टर मानलं. जूनमध्ये भांडीवालीने मला चहाची गाळणी दिली. जुलैत डाव दिला. ऑगस्टमध्ये झाकणाचा डबा निघाला. शेजारच्या बायका म्हणाल्या, तुमची मजा आहे. सप्टेंबरमध्ये तिने काटा उचलला, पुन्हा उचलला, आणि पाटीच्या तळातून पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"लय पडाया लागले, बाई," ती म्हणाली.

"वय झालं आता."

"वयानं इतके नाय पडत."

तिने पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. मी ते पातेलं पालथं घालून माळ्यावर ठेवलं. त्यात दूध तापवायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतर मी मरणाची तयारी सुरू केली, आणि केली तीही रंगवून. माळा आवरला. नवऱ्याला कुकर लावायला शिकवलं. त्याला वाटलं, मी चारधामला निघाले. मग जावेला लोणच्याचं प्रमाण सांगायला गेले. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती, मुठीत कच्चे तांदूळ. हल्ली ती सारखी तांदूळ खायची.

"चिमणी झालीस का गं?" मी विचारलं. "हे बघ, मी गेल्यावर कैरीला मीठ किती, ते लिहून घे."

"ताई, तुम्ही आधी जा तर खरं. कैरीचं मी बघते."

"तुला रडूसुद्धा येणार नाही."

"येईल की. पण तुम्ही रडायचं कसं तेही शिकवून जाल." तांदळाची मूठ तोंडात टाकून ती भिंतीला टेकली. "बसते जरा. जिना उंच झालाय."

या वाक्यावर मी मोठ्याने हसले. चांगलं वाक्य होतं, नंतर दोघी-तिघींना ऐकवलंही.

ऑक्टोबरमध्ये भांडीवाली आली. पिशवी गच्च भरली होती. यावेळी काय निघणार, हंडा की काय, या विचाराने मी पोर्चच्या खांबाला धरून उभी होते. तिने पिशवी फरशीवर ओतली, पण काटा उचलला नाही. ती बोटांनी गुंते सोडवायला लागली. एक गुंता उजवीकडे, एक डावीकडे. बराच वेळ हेच चाललं होतं.

"बाई, हे एका डोक्याचं नाय."

"म्हणजे?"

उजवीकडे आखूड, कुरळे, बुडाला पांढरे केस. मुठीएवढा ढीग. "हे तुमचं. जूनला होतं तेवढंच हाय." डावीकडचे लांब, सरळ, काळे. तो ढीग उशीएवढा. "आन् हे दुसरीचं. मुळासकट आलंय सगळं. कोन हाय ती, तिला दाखवा कुठंतरी."

त्या क्षणी मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला. जूनला होतं तेवढंच. मी वाचले. दोन्ही हात पसरून मी पोर्चमध्ये एक गिरकी घेतली. सत्तर किलोची गिरकी, तीही घरच्या गाउनमध्ये.

गिरकी संपली तेव्हा माझं तोंड जिन्याकडे होतं. जाऊ मधल्या पायरीवर उभी होती, एक हात भिंतीवर. ती माझ्याकडे बघत नव्हती, डावीकडच्या ढिगाकडे बघत होती. तिचे ओठ आणि तिचं कपाळ एकाच रंगाचे होते. हे आज झालेलं नव्हतं. ते तसेच होते, रोज, माझ्यासमोर, पोळ्या लाटताना.

भांडीवालीने न सांगता सगळे केस पुन्हा पिशवीत भरले आणि त्या दिवशी काही न देता-घेता गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गुढीपाडव्यापासून. पाळी थांबतच नाही, ताई. पंधरा-पंधरा दिवस चालते."

"आणि केस?"

"आमच्या बाथरूमची बादली भरायला लागली. यांच्या लक्षात आलं असतं." ती पायरीवर बसली. "तुमच्या पिशवीत कोण बघतंय? तुमचे गळतात हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे."

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"ते गर्भाशय काढायला सांगणार. माझ्या मावशीचं काढलं होतं. ती टेबलावरून घरी आलीच नाही."

"उद्या सकाळी रक्त द्यायला जायचं."

"तुम्ही दिलंत का? आईची गोष्ट सगळ्यांना सांगता, माणसं रडवता. रक्त दिलंत?"

मी पिशवी उचलून पुन्हा खिडकीला लटकवली.

"तुम्ही द्या," ती म्हणाली, "मग मी देते."

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबमधल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो आणि दोघींनी रक्त दिलं. माझा रिपोर्ट संध्याकाळी आला. किडनीची ओळ कुठे असते ते मला मनमाडपासून पाठ आहे. ती ओळ बरोबर होती. थायरॉइड बिघडलं होतं, त्यावर रोज सकाळी एक गोळी. मात्र तो रिपोर्ट वाचायच्या आधीच जावेसाठी लॅबमधून फोन आला होता.

"पेशंट कुठे आहेत?"

"डाळ निवडतायत."

"हिमोग्लोबिन चारवर आलंय. त्यांना आधी झोपवा. आणि आजच्या आज दवाखान्यात न्या."

डॉक्टरबाईंनी जावेची खालची पापणी ओढून पाहिली आणि वळून मला विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? पांढरे ओठ, धाप, कच्चं खायची लहर?"

घरातली दुसरी बाई मीच होते. ओठ पाहिले होते, तांदूळ पाहिले होते, उंच झालेला जिनासुद्धा ऐकला होता. सगळ्यावर हसून झालं होतं.

आधी तिला रक्त चढवलं, दोन पिशव्या आणि मग आणखी एक. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, म्हणजे ऑपरेशन आलंच. ऑपरेशनच्या सकाळी नर्सने मला सांगितलं, "यांच्या दोन वेण्या घाला, टोपीत बसतील अशा." मी घातल्या. एकेकाळी मुठीत न मावणाऱ्या केसांच्या दोन वेण्या, दोन्ही करंगळीएवढ्या. विंचरताना एक बट हातातच आली. मी ती मुठीत दाबली.

"आले ना हातात?" जावेने मान न वळवता विचारलं.

"नाही गं."

"ताई, तुम्हाला नाटक चांगलं जमतं, खोटं नाही जमत."

तिला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. मूठ मी तीन तास उघडली नाही.

ती टेबलावरून परत आली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते आपल्या मावशीबद्दल, आणि ते इथे लिहायला तिने मनाई केली आहे. पण डॉक्टरबाई आमच्याशी बोलताना हसल्या नाहीत. गाठ दिसायला त्यांना आवडली नव्हती. तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट आला की फोन करतील, आठ दिवस तरी लागतील.

आज सहावा दिवस. टाके ओढतात म्हणून तिला हात डोक्यापर्यंत नेता येत नाहीत. सकाळी ती माझ्या पलंगावर पाठ करून बसते आणि मी तिचे केस विंचरते. फोन मध्ये, चादरीवर पालथा. नवरा आणि दीर बाहेरच्या खोलीत एकच पेपर दोन भाग करून वाचतात, पानं उलटत नाहीत. मी तिला गोष्टी सांगते. काल कांद्याची सांगितली, तिने पोट धरून हसू आवरलं आणि मला शिव्या दिल्या. आज कोणतीच गोष्ट शेवटापर्यंत जात नव्हती.

मघाशी फोन वाजला. तिची मान ताठ झाली, माझा कंगवा थांबला.

"ताई, आपला?"

मी पालथा फोन उलटून पाहिला, पडदा काळाच होता.

"नाही, शेजारचा."

"मग विंचरा."