कोपऱ्यातले टक्के

आमच्या ह्यांना कामावर सगळे केबलकाका म्हणतात. सख्खा पुतण्या एक नाही, पण अख्ख्या कंपनीचे काका. इमारतींच्या छतांतून, भिंतींतून इंटरनेटच्या तारा ओढायच्या आणि टोकाला खोका बसवून द्यायचा, हेच काम ह्यांनी उभा जन्म केलं. मग एका ऑफिसात तार ओढताना शिडी सरकली आणि गुडघा असा काही पिरगळला की डॉक्टर म्हणाले, "पुन्हा शिडी चढलात तर माझ्याकडे येऊ नका, सरळ कुबड्यांच्या दुकानात जा." विनोद करायला मेल्याला आमचाच गुडघा सापडला!

कंपनीच्या साहेबांनी मार्ग काढला. नेटवर्कवर नजर ठेवायच्या खोलीत एक खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर बसायला नेटवर्किंगचं सर्टिफिकेट लागतं. "महिनाअखेरपर्यंत परीक्षा पास व्हा काका, खुर्ची तुमची. नाही झालात तर मग माझ्याकडे शिडीचंच काम आहे." साहेब काही वाईट नाहीत. पण मला ह्यांचा स्वभाव ठाऊक. घरी बसा म्हटलं तर बसणार नाहीत, गुडघा गेला खड्ड्यात म्हणून वर चढतील. त्यामुळे परीक्षा ह्यांची होती आणि झोप माझी उडाली होती.

पुस्तकातलं ह्यांनी कसंबसं डोक्यात भरलं. खरी धास्ती लॅबची. मला आधी वाटलं, लॅब म्हणजे रक्त तपासतात ती. लेक हसून हसून लोळली. ती बाहेरगावी शिकते, पण सुट्टीत आली तेव्हा तिने जुन्या लॅपटॉपवर सरावाच्या लॅब टाकून दिल्या. पडद्यावर खोके काढलेले, खोक्यांना जोडणाऱ्या रेषा. या टोकाच्या कॉम्प्युटरचा निरोप त्या टोकाला पोचत नसतो. मधल्या खोक्यांना टाइप करून हुकूम सोडायचे आणि वाट मोकळी करायची. हुकूम बरोबर असला की वरच्या उजव्या कोपऱ्यात टक्के वाढतात, आणि शंभर भरले की तिथे हिरवी पट्टी येते.

मी कपडे दुरुस्तीची कामं घरीच घेते. माझं मशीन आणि ह्यांचा लॅपटॉप एकाच खोलीत, समोरासमोर. त्यामुळे ह्यांचा अभ्यास मला तोंडपाठ झाला, म्हणजे अभ्यास नव्हे, चेहरा. टाइप करायचं, एंटर मारायचं, की लगेच दोन्ही हात तव्याचा चटका बसल्यासारखे वर उचलायचे आणि हनुवटी वर करून कोपऱ्यात बघायचं. टक्के वाढले की घसा खाकरून पुढे. नाही वाढले की तडक पुसायचं आणि दुसरं काहीतरी लिहायचं. पुसतानाचा तालही मला ओळखू यायचा. थोडं टाइप, एंटर, थोडं टाइप, एंटर, पुन्हा तेच.

लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, ते टक्के लपवता येतात. लपवून सराव करा. परीक्षेत टक्के दिसत नाहीत."

"माहीत आहे गं मला," हे म्हणाले. एकदा लपवून बघितलंही. थोड्याच वेळात वैतागून लॅपटॉप मिटला. "डोळे बांधून जेवायला बसवल्यासारखं वाटतं. आधी सगळं यायला लागू दे, मग लपवू."

"अहो, पोरगी सांगतेय ते ऐका की," मी म्हटलं.

"तू तुझी शिवण बघ."

झालं! नाकावर माशी बसू द्यायची नाही. टक्के परत आले ते आलेच. शेवटी शेवटी तर एकेक लॅब भराभर हिरवी व्हायला लागली आणि हे घरात शीळ घालत फिरायला लागले. मीही म्हटलं, जाऊ दे, जमतंय ना गड्याला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना कशाची तरी फुशारकी मारताना ऐकत होते, आणि मला ते आवडत होतं.

परीक्षेचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. दुष्काळात तेरावा महिना! कठड्याला धरून धरून हे वर चढले. काउंटरवरच्या मुलीने फोन, घड्याळ काढून घेतलं, खिसे उलटे करायला लावले, चष्मासुद्धा उलटसुलट करून पाहिला. हे आत गेले, दार लागलं आणि मी समोरच्या बाकावर बसले.

काउंटरवर एक टीव्ही होता. आतल्या कॅमेऱ्यांचा. त्यावर उन्हाची तिरीप पडत होती म्हणून मुलीने तो जरा वळवला, तर माझ्या समोरच आला की. एका चौकोनात, बाजूने दिसणारे, आमचे हे! मागून पडलेलं टक्कल कुठेही ओळखीन मी. सुरुवातीला नुसता माउस हलत होता. प्रश्न वाचायचे, टिचकी मारायची. मान ताठ होती. मला जरा बरं वाटलं.

मग ह्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. लॅब आली, मी ओळखलं. हे टाइप करायला लागले आणि काय सांगू, कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. घरी असं सलग टाइप केलं की कोपरा भरलाच म्हणून समजा.

आणि ह्यांनी दोन्ही हात वर उचलले. हनुवटी वर. नजर उजव्या कोपऱ्यात.

अहो, तिथे काही नाहीये! तिथे काही येणार नाहीये! हे बघतच राहिले. हात तसेच हवेत. मी कधी उठून काउंटरपाशी गेले, माझं मला कळलं नाही.

"एक शब्द सांगायचाय आत," मी म्हटलं. "एवढंच, की पुसू नका म्हणावं."

"मावशी, मला त्यांना पाणीसुद्धा नेऊन देता येत नाही," ती म्हणाली. "बाहेरून एक शब्द जरी गेला ना, तरी त्यांची परीक्षाच रद्द होईल."

"अगं पण ते बरोबर केलेलं मोडतील!"

तिने मान खाली घातली. आणि आत हात कीबोर्डवर आले. थोडं टाइप, एंटर, थोडं टाइप, एंटर. मी चौकोनावर बोट ठेवलं, तर म्हणाली, "हात नका लावू हो." एवढंसं बोट, तेही उचललं. पक्की बसलेली शिवण कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत उसवत बसलंय आणि मला कात्री काढून घेता येत नाहीये, असं झालं. त्यांनी पुन्हा सगळं लिहिलं. पुन्हा हात वर, पुन्हा कोपरा, पुन्हा पुसणं. आता मान ताठ नव्हती. सारखे शर्टाला तळवे पुसत होते. मी ओरडू शकत होते, दार जवळच होतं, आणि ओरडले असते तर मीच त्यांना बुडवलं असतं. म्हणून बाकावर जाऊन बसले आणि बघत राहिले. दुसरीकडे तोंड फिरवायचंही धाडस झालं नाही.

हे बाहेर आले ते हातात एक कागद घेऊन. नापास. पुन्हा बसता येतं म्हणे, पण महिना कुणासाठी थांबतोय?

"पहिल्याच फटक्यात झालं होतं बहुतेक," हे म्हणाले. "पण खात्री पटेना गं. वेळ संपला तेव्हा सगळं पुसलेलं होतं."

तिथेच उभ्याने साहेबांना फोन लावला. "नाही झालं साहेब... हो... हो, समजलं. येतो ना मी. गुडघा आता बरा आहे." फोन हिसकावून घ्यावासा वाटला मला. बरा आहे म्हणे! आणि घेऊन तरी मी साहेबांना काय सांगणार होते?

जिना उतरताना मधल्या वळणावर ह्यांना थांबावं लागलं. कठड्याला टेकून दम खाल्ला.

"एक मात्र बरं झालं," हे म्हणाले. "आत माझी जी फजिती झाली, ती तू बघितली नाहीस."

"हो ना," मी म्हटलं आणि त्यांना आधाराला खांदा दिला.