हवालदाराची रायफल

इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या आमच्या रायफल क्लबात एक म्हातारा गोरा येतो. बोलणं कमी, हातात कायम तेलाचं फडकं. स्वतःच्या रायफलीला तो कोणाला हात लावू देत नाही.

त्या शनिवारी मात्र त्याला नुकतीच मिळालेली एक जुनी लष्करी रायफल त्याने माझ्यापुढे सरकवली.

"अरे, ही तर आमच्या हवालदारांची थ्री-नॉट-थ्री!" म्हणत मी माझ्याकडची थ्री-नॉट-थ्रीची गोळी आत घातली. ती अडकली. मी बोल्टचा दांडा जोर लावून पुढे रेटणार, तोच त्याने माझं मनगट पकडलं.

"सोड. मागे हो."

मी मागे सरलो. जिवंत गोळी त्याने एकट्याने, सावकाश बाहेर काढली. मग रायफलीवरचा शिक्का दाखवला. दिसायला हुबेहूब तीच, पण गोळी लागते दुसरी, सेव्हन-सिक्स-टू. बनलेली भारतात.

"तुझ्या देशातली आहे," फडकं फिरवत तो म्हणाला, "म्हणून आधी तुला दिली."