साहेबांना जे सापडलं

कळंबच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलाला एक जुने पेशकार बसत. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यामुळं बोलण्यात ‘दरअसल’ फार. साहेब निकाल इंग्रजीत लिहीत, आणि तो लोकांना मराठीत समजावून सांगायचं काम यांचं. ‘फाइंडिंग’ हा शब्द आला की ते थबकत. मी आमच्या घरातला पहिला बी.ए.; लगेच म्हणायचो, “निष्कर्ष.”

“दुरुस्त हाय. पण समोर माणूस कोण हाय ते बघू.”

मग जिंकलेल्याला ते सांगत, ‘साहेबांनी शोधून काढलं’. हरलेल्याला, ‘साहेबांना असं दिसलं.’

एकदा एक म्हातारी आली. पहिला नवरा गेल्यावर तिनं पाट लावला होता, म्हणजे दुसरं लग्न केलं होतं; आता तो नवराही वारला होता. ‘हिचा माझ्या भावाशी पाट लागलाच नव्हता,’ असं म्हणून दिरानं जमिनीवर दावा लावला होता. पाट लागल्याचा पुरावा नाही, असा निकाल झाला. जमीन गेली. पण म्हातारीनं जमिनीचं विचारलंच नाही.

“मंजी म्या त्यांची बायकू नव्हते व्हय?”

पेशकारांनी चष्मा काढला. “दरअसल मावशी, साहेबांना पुरावा गवसला न्हाय, एवढंच. पाट लागला न्हाय, असं कुठंच लिवलं न्हाय. तुमी बायकोच.”

“मग हे भाईर बसलेल्या दिराला सांगा की.”

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि व्हरांड्यातल्या भर गर्दीत दिराला म्हणाले, “जमीन तुमाला मिळाली. वहिनी मात्र वहिनीच हाय. हाताला धरून घरी न्या.”