काजळाची मिशी

आमच्या वर्गाच्या भिंती दिवसभर गुणगुणत असतात. मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने आहेत, त्यामुळे फळ्यावर हात टेकला की ती थरथर तळव्याला लागते. सुरतेतल्या या नवागामच्या, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांना तो आवाज ऐकूच येत नाही. थांबला की मात्र कळतो. दुरुस्तीसाठी वीज बंद असली की अख्खी गल्ली एकदम गप्प होते, आणि माझी नववीची मुलं झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघू लागतात.

ज्यू लोकांचा इतिहास मी अशाच एका गप्प दुपारी शिकवला. आदल्या दिवशी वर्गाच्या मॉनिटरनं वेशभूषेची यादी आणून दिली होती. वार्षिक कार्यक्रम आठवड्यावर आला होता. यादीत शिवाजी महाराज तीन, झाशीची राणी दोन, डॉक्टर, भाजीवाली आणि शेवटी, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या नावापुढे, हिटलर.

मी तिला बोलावलं. "हिटलर कुणी सुचवला गं?"

"पप्पांनी. बोलले, एकदम कडक रोल आहे. डायलॉग बी पाठ झाला, बेन. बोलून दाखवू?" इथे शाळेत बाईंना बेनच म्हणतात.

"नको, नको. राहू दे."

"मम्मीनं कोट पण शिवला. आतून पोपटी अस्तर आहे, साडीच्या पीसचं. बाहेरून दिसत नाही." तिचा चेहरा नुसता फुलला होता.

तिची आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते, वडील लूमवर. त्यांच्या खात्यात जो मुकादम कडक असतो त्याला कामगार हिटलरच म्हणतात, आणि त्यात राग कमी, कौतुक जास्त. मागे पालकसभेत याच वडिलांनी मला हात जोडून सांगितलं होतं, "बेन, तुम्ही हिटलरसारख्या राहा, तेव्हाच आमची पोरं सुधरतील." सगळे हसले. मीही हसले होते.

नाव खोडून टाकणं सोपं होतं. पेन हातात होतं. पण मला माझी मिशी आठवली.

सुरत-भुसावळ लाइनवरचं आमचं गाव. वडील डाळमिलमध्ये पोती वाहायचे. घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी स्वतः सातवीत होते तेव्हा टायफॉइडनं माझे केस गळाले आणि आईनं उरलेले कापून टाकले. मुलं मला टकली म्हणायची. गॅदरिंगच्या वेळी एका शिक्षिकेनं माझे बोटभर केस पाणी लावून एका बाजूला चापून बसवले, नाकाखाली काजळाची चौकोनी मिशी काढली आणि म्हणाल्या, "अगदी हिटलर!" महिनाभरात पहिल्यांदाच माझे केस कुणाला तरी उपयोगी वाटत होते. मला इतका आनंद झाला की मी हात वर करून सगळ्या पटांगणाला सलाम ठोकत फिरले.

परीक्षक म्हणून आमच्या इतिहासाच्या बाई बसल्या होत्या. माझ्या सगळ्यात लाडक्या बाई. माझी फी त्याच भरायच्या, वह्या त्याच द्यायच्या. मी त्यांच्यासमोर जाऊन टाच आपटली. बाई उठल्या, माझा हात धरून मला स्टाफरूममध्ये घेऊन गेल्या. कपाटातून खोबरेल तेलाची बाटली काढली, पदराच्या टोकाला तेल लावलं आणि माझी मिशी पुसू लागल्या. हळूहळू, बराच वेळ. त्यांच्या पांढऱ्या पदराला काळा डाग पडत गेला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला बक्षीस मिळालं नाही. मी घरी जाऊन रडले, आणि माझं नेमकं काय चुकलं ते मला पुढे दोन वर्षं कळलं नाही.

बाई कोकणातल्या. मराठीच बोलायच्या, आडनावही गावावरून पडलेलं, 'कर' लागणारं. वडील रेल्वेत गार्ड होते म्हणून हे कुटुंब आमच्या भागात आलेलं. गावात त्यांना कुणी ख्रिश्चन समजायचं, कुणी काहीच समजायचं नाही. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक बारीकशी तिरपी डबी ठोकलेली होती. आत जाताना बाई तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या. मला कितीतरी दिवस ते बेलचं बटण वाटायचं, आणि वाजत कसं नाही याचं नवल वाटायचं. आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद असतो, हे खूप नंतर कळलं. शुक्रवारी संध्याकाळी शिकवणीला गेलं की टेबलावर काचेचा पेला असायचा. खाली पाणी, वर तेल, तेलात तरंगती वात. बाई सांगायच्या, आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आम्हा ज्यू लोकांना शनवार तेली म्हणत. मी ऐकायचे, पण माझं सगळं लक्ष त्या उजेडाकडे असायचं. पाण्यावर दिवा राहतो, हेच मला पुरेसं होतं.

नववीत हिटलरचा धडा आला तेव्हा बाईंच्या तोंडचा ज्यू हा शब्द मी त्यात वाचला, आणि त्या ओळीवरून डोळे हलेनात. शाळा सुटल्यावर मी बाईंच्या घरी गेले. त्यांचं सामान बांधून झालं होतं. बहिणीकडे, इस्रायलला चालल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मलिदा केला होता, शुभकार्याचा त्यांचा प्रसाद. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळांच्या फोडी. ताटली हातात घेऊन मी कसंबसं विचारलं, "बाई, तेव्हा तुम्ही माझ्यावर खूप रागावला होतात का?"

"तुझ्यावर कशाला रागावू? मिशी तर आपल्याच स्टाफनं काढली होती." त्या हसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "या देशात आम्हाला कुणी कधी काही केलं नाही गं. म्हणूनच त्या दिवशी काय बोलावं ते सुचलं नाही. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते माझं चुकलं."

आता त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही. कॉलेजपर्यंत शिकेन असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, ते मात्र मी पाळलं, आणि म्हणून आज या वर्गात उभी आहे.

या मुलीचं नाव मी खोडलं असतं तर तीही घरी जाऊन रडली असती, आणि तिचं काय चुकलं ते तिला कुणी सांगितलं नसतं. म्हणून मी यादी तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी येताना पर्समध्ये एक काचेचा ग्लास आणि तेलाची छोटी बाटली घेतली.

नेमकी वीज गेली. लूम थांबले. त्या शांततेत मी ग्लासात पाणी ओतलं, वर तेल, आणि वात लावली. भर दुपारी त्या ज्योतीला रंग नव्हता, फक्त तिच्यावरची हवा हलत होती. मी बाईंची गोष्ट सांगितली. घाणे, शनिवार, दाराची डबी, रेल्वेतले गार्ड वडील. आपल्या सुरतेत बंदर गाजत होतं तेव्हा इथेही ज्यू व्यापारी होते, हे सांगितलं.

"इथे? सुरतमध्ये?"

"इथेच. तापीच्या काठाला."

मग युरोपात शेकडो वर्षं त्यांच्याबद्दल काय काय पसरवलं गेलं ते सांगितलं. साथ आली, यांनी विहिरीत विष टाकलं. कुणाचं मूल हरवलं, यांनीच नेलं. मागच्या बाकावरचा एक जण पटकन म्हणाला, "आमच्या बाजूच्या सोसायटीत बाइक चोरीला गेली ना, तर आधी आमच्याच गल्लीत आले विचारायला."

"का रे?"

"काय माहीत. आम्ही बाहेरचे ना!"

"ते आणि हे एकच नाही," मी म्हणाले. "पण सुरुवात अशीच होते." मग हिटलरनं पुढे काय केलं ते सांगितलं. आधी दुकानांवर खुणा, मग शाळेतून मुलांची नावं काढणं, मग घरं, मग आगगाड्या. आणि शेवटी मारून टाकलेली साठ लाख माणसं.

मग ती हुशार मुलगी हळूच म्हणाली, "बेन, म्हणजे अख्खी सुरत?"

"जवळजवळ अख्खी."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. गल्ली गप्प होती. लूम नाही, टेम्पो नाही, कुणाची हाक नाही. कोसाड, अमरोली, वराछा, सुरतभर सगळी घरं उघडी आणि आत कुणी नाही, असं मला क्षणभर खरंच दिसलं. मुलांना काय दिसलं ते मी विचारलं नाही.

मग मी माझी गोष्ट सांगितली. बोटभर केस, काजळ, सलाम.

"बेन, तुम्ही मिशी लावली होती?" वर्गाला हसू आवरेना. मीही हसले. तेलाची बाटली आणि पदर आल्यावर हसू थांबलं. सगळा वेळ मी त्या मुलीकडे बघायचं टाळलं.

लूम सुरू झाले तशी भिंत थरथरू लागली आणि तास संपला. ती मागे थांबली.

"कोटाचं काय करू, बेन?"

"मला नाही माहीत गं. मी येऊ का तुझ्या मम्मीशी बोलायला?"

तिनं विचार केला. "नको. मम्मीला वाटेल तुम्ही तिला ओरडायला आल्या. मीच सांगते."

कार्यक्रमाच्या दिवशी तिचं नाव पुकारलं गेलं, आणि ती आली नाही. मला वाटलं, झालं. बाईंनी केलं तेच मी केलं, फक्त पदर न वापरता. मंडपाच्या मागे शोधायला गेले तर ती आईजवळ उभी होती. आई नुकतीच कामावरून उठून आलेली, बोटांवर वाळलेला गोंद, हातात घडी केलेला कोट. दोघी अहिराणीत बोलत होत्या. मी कनातीच्या अलीकडेच थांबले.

"काबरं घाला नही व माय? इतली मेहनत करी मी."

"तो माणूस चांगला नही व्हता, मम्मी."

"कोणता माणूस? तुना पप्पा तर म्हणे, कडक व्हता."

"कडक काय! त्यानी लोकेस्ले घरमाईन काढं. पोऱ्यास्ले बी. आपली सुरत शे ना, इतला लोके मारी टाकात."

आईनं कोटाकडे पाहिलं. "आनी मी शिवा त्यानं काय?"

"कोट चांगला शे. कोटना काय गुन्हा? आते त्याना गार्डना कोट करसूत. रेल्वेना. बेननी बाईना बाप गार्ड व्हता."

आईला बेनच्या बाईचा बाप कोण ते कळलं असेल असं वाटत नाही. तिनं कोट उलटा करून पोपटी अस्तरावरची एक सुरकुती अंगठ्यानं सपाट केली. मग कनातीआड तिला मी दिसले.

"बेन, ही सांगस ते खरं शे का?"

"खरं आहे, ताई."

ती मुलीला घेऊन समोर जाऊन बसली. कोट मांडीवर. स्टेजवर तिसरे शिवाजी महाराज तलवार शोधत होते आणि लोक हसत होते. मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा पाहिलं, तिची आई शेजारणीच्या कानाशी वाकली होती. कोटावर हात ठेवून ती तिला सांगत होती, "तो हिटलर शे ना, त्यानी म्हणे लोकेस्ले घरमाईन काढं..."