मायला झाडाला हात लावायचा होता

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हाच माय म्हणाली होती, "मला त्या बोधिवृक्षाच्या बुंध्याला हात लावायचाय. बाकी तू कुठं बी हिंडव." मी हो म्हणाले आणि तिथंच फसले.

बोधगयेच्या झाडाची फांदी जिथं आणून लावली, त्या अनुराधापूरला तिनं मला दिवसभर छळलं. बीडहून एवढ्या लांब, विमानानं आलेलो. दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप, विहार, दगडी तलाव समोर पसरलेले. मी शाळेत इतिहास शिकवते, माझा जीव तिथं अडकलेला. आणि ही बाई रिक्षातून उतरायलाच तयार नाही. "हे झाड हाय का? न्हाई ना? मग कावून थांबलीस?"

तिकीट फक्त परदेशी माणसांना. पांढरं लुगडं बघून, तिथलीच समजून, मायला कुणी हटकलं नाही, मला मात्र जिथं तिथं अडवलं. स्तूपापाशी चपला काढायच्या आणि फरशी तव्यासारखी तापलेली. मी मोजे घालूनही नाचत होते. उसाच्या फडात जन्म काढलेली माय अनवाणी तरातरा पुढं, वर मलाच म्हणते, "लई नाजूक झालीस." एका पायरीवरची हंसांची कोरीव रांग जरा वाकून बघते तर मागून मायनं माझी ओढणी ओढली. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी म्हटलं, चल माझे आई, आधी तुझं झाड. बाकीचं गेलं खड्ड्यात.

झाड उंच ओट्यावर होतं. भोवती सोनेरी कठडा, खाली फाटक बंद आणि फाटकापाशी राखणदार. लोक खालीच एका लांबलचक टेबलावर फुलं ठेवून हात जोडत होते. वाटेत घेतलेली फुलं हातात तशीच घेऊन माय फाटकाला धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "इथं बी लांबूनच?"

लहानपणी तिला गावच्या देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. म्हणे, लांबूनच पाया पड. ते देऊळ सोडून तिचं घर बुद्धाकडे आलं, आणि इथं पुन्हा फाटक. माझा असा संताप झाला की मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत राखणदाराशी भांडलेच. तो शांतपणे म्हणाला, कुणालाच वर सोडत नाही.

मायला ते पटलं नाही. "आसंच सांगतेत," म्हणाली आणि फाटकासमोर बसकण मारली. "कोण वर जातंय ते बघते मी."

ऊन उतरेपर्यंत ती बसली. माझे राहिलेले स्तूप, संग्रहालय, सगळं बोंबललं. मी धुसफुसत शेजारी. ऊठ म्हटलं की नुसता हात हलवायची.

मग एक बडा असामी आला. मागंपुढं माणसं, हातात कमळांचं ताट. माय उठून उभी राहिली. तो फाटकापर्यंत आला, थांबला, टेबलावर ताट ठेवून त्यानं तिथूनच हात जोडले.

"ह्याला बी न्हाई सोडलं?"

"न्हाई सोडलं, माय."

ती सरळ टेबलाकडे गेली. बाजूला भरपूर जागा रिकामी होती, तरी तिनं आपली फुलं नेमकी त्याच्या ताटाला खेटून ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्यानं ताट ओढून घेतलं नाही.