फितीशिवाय उमटलेली शपथ

व्हर्ना हॉकिन्सनने एकदा परक्या घराला स्वतःची किल्ली लावली होती. डेली सिटीच्या टेकडीवर तशी चूक कोणाच्याही हातून झाली असती. घरं सगळी एका साच्यातून काढलेली. त्याच तीन पायऱ्या, तोच फिकट पिवळा रंग. किल्ली फिरेना म्हणून ती खटपट करत राहिली, तेव्हा आतून एका बाईने पडदा सारला. बाईच्या अंगावर व्हर्नाच्या झग्यासारखाच झगा होता.

नवरा मर्ल आठवडाभर हसत होता. "अगं, फ्रिज बघून ओळखायचं. दोन दारांचा फक्त आपल्याकडे आहे."

"फ्रिज बघायला आधी आत जावं लागतं, मर्ल."

तेव्हापासून ती दाराशी आली की घराचा नंबर दोनदा वाचायची.

ती वाढली फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यांत. मनुका वाळवणाऱ्या आईने तिला टायपिंग शिकायला घातलं, म्हणाली, उन्हातलं काम एका पिढीला पुरे. युद्धात गोदीची कचेरी, नंतर सॅन फ्रान्सिस्कोतलं सरकारी कार्यालय. तिथे आत पाऊल टाकण्याआधी निष्ठेच्या शपथेवर सही करावी लागे: सरकार उलथवू पाहणाऱ्यांशी माझा काही संबंध नाही. व्हर्नाने सही केली होती. संबंध नव्हताच.

सत्तावन्न सालच्या वसंतात, दुपारच्या सुट्टीत ती चौकातल्या बाकावर डबा खात होती. शेजारी एक किडकिडीत माणूस येऊन बसला. खलाशाचा जुना कोट, कोपरावर भोक.

"बोटांना कार्बन लागलाय. टायपिस्ट दिसता."

"आणि तुम्ही आंघोळ कधी केलीत?"

"शेवटची कविता संपली तेव्हा," तो शांतपणे म्हणाला.

तो ऑर्विल किटरिज. रात्री भांडी घासायचा, दिवसा लिहायचा. तो आणि त्याचे मित्र सायक्लोस्टाइल करून एक छोटं मासिक काढत आणि हातोहात वाटत. त्यांना स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा मेणाचा कागद, टाइप करून कापून देणारं कोणी हवं होतं.

"मला कवितेतलं काही कळत नाही," व्हर्ना म्हणाली.

"बरंच झालं. सुधारायला जाणार नाही तुम्ही."

कार्यालयातल्या तिच्या नव्या मशीनचा ठोका हलका होता. मेणाचा कागद त्याने कापला जात नसे. शेजारच्या टेबलावरच्या ओपल टिबेट्सचं मशीन जुनं, जड. ओपल दुपारी आजारी आईला भरवायला घरी जायची, तेवढ्या वेळात व्हर्ना त्यावर बसायची. फितीची कळ खाली ओढायची, म्हणजे फीत बाजूला होते आणि अक्षर थेट मेणात रुततं. काम झालं की कळ वर, आणि अडकलेलं मेण काढायला अक्षरांवरून एकदा ब्रश. ओपलला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी ऑर्विलच्या ओळी कापताना तिचा हात थांबला. सगळ्या घरांत एकाच वेळी दिवे लागतात, एकच जाहिरात हसते, आणि माणूस नव्या खुर्चीसाठी आपले दिवस विकून त्या खुर्चीत बसायला वेळ नाही म्हणून रडतो. तिला ती न फिरणारी किल्ली आठवली. सुट्टी संपत आली होती. त्या दिवशी ब्रश फिरवायचा राहिला.

सप्टेंबरात पोलिसांनी एका पुस्तकांच्या दुकानातून मासिकाचे गठ्ठे उचलले, अश्लील म्हणे. दुसऱ्या सकाळी मुख्य कारकून मिसेस क्रूगर एका हातात मासिक आणि दुसऱ्या हातात कार्यालयाचं पत्र घेऊन आल्या.

"ह्या पत्रातली गोल अक्षरं मेणाने बुजलीत. आणि दोन्हींकडे एका अक्षराची शेपटी तुटलेली आहे. मिसेस टिबेट्स, हे तुमचं मशीन."

ओपलच्या चेहऱ्यावर लिपस्टिकचा रंग तेवढा उरला. "मी नाही केलं, मिसेस क्रूगर. मला तर कविता… आईला विचारा हवं तर."

"तुमचा भाऊ त्या डाव्यांच्या संपात होता ना?"

"तो भाऊ झाला. मी इथे अकरा वर्षं आहे."

व्हर्नाने हिशेब केला. बोलली तर नोकरी जाईल, शपथेचा प्रश्न निघेल, मर्लला तोंड दाखवता येणार नाही. नाही बोलली, तर ओपलची नोकरी जाईल, आणि तिच्या आईचं दुसरं कोणी नव्हतं. तिने मनाशी म्हटलं, पुरावा पुरेसा नाही, ओपल सुटेल. मग पुन्हा म्हटलं. दुसऱ्या खेपेला ते खोटं वाटलं.

"प्रत्येकीने ह्या मशीनवर शपथेचं पहिलं वाक्य टाइप करायचं," क्रूगरबाई म्हणाल्या. "कोणाचा हात कसा पडतो ते मला बघायचंय."

ओपलने टाइप केलं. मग आणखी दोघींनी. मग व्हर्ना बसली. मान खाली घालून सफाईदारपणे तिने वाक्य पूर्ण केलं आणि वर पाहिलं.

कागद कोरा होता.

बोटांनी फितीची कळ कधी ओढली, तिला कळलंच नव्हतं. ह्या खुर्चीत बसल्यावर ती पहिली तीच गोष्ट करत आली होती.

क्रूगरबाई पलीकडे खिडकीपाशी मासिक चाळत होत्या. कोणी पाहिलं नव्हतं. कळ वर करायची, कागद सरकवायचा, वाक्य पुन्हा मारायचं. दहा सेकंदांचं काम. तिचा हात कळीकडे गेलाही. समोर ओपल पर्समधला रुमाल काढत होती. तिने तो डोळ्यांना लावला नाही. नीट घडी घातली आणि परत ठेवला, जणू पुढे लागेल.

व्हर्नाने कागद ओढून काढला आणि खिडकीशी नेऊन दिला.

"हे काय? काहीच नाही ह्यावर."

"तिरका धरा, मिसेस क्रूगर. उजेडाकडे."

क्रूगरबाईंनी कागद तिरका धरला. रुतलेली अक्षरं सावलीने उठून आली आणि त्या ओठ हलवत वाचू लागल्या. व्हर्ना आपल्या टेबलाशी गेली, खणातून ब्रश काढला आणि ओपलच्या मशीनची अक्षरं एकेक करून घासायला लागली.

"व्हर्ना," ओपल हळूच म्हणाली, "तू?"

"थांब. हे गोल अक्षर फार भरलंय गं."