लेकीच्या खोलीतली नवी जमीन

मुलीला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला, तिच्यासोबत बायकोही गेली आणि दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या घरात मी एकटा उरलो. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या हार्मोनियम दुरुस्त करत बसायचो. हे काम मी मांडी घालूनच करतो. पण जानेवारीत इथली फरशी इतकी गार पडते की तासाभरात गुडघे धरायचे.

मुलीची खोली रिकामीच होती. तिथे कामाची जागा करू का, असं तिला फोनवर भीतभीत विचारलं.

"शुअर बाबा, यूज इट," ती म्हणाली.

तिनं थोडं तरी भांडायला हवं होतं.

मग जमिनीचा शोध सुरू झाला. गालिच्यात बारीक स्क्रू हरवतात. खालून तापवायचं म्हटलं तर रबराची मॅट ऊब वर येऊ देत नाही. टाइल फोडायला घरमालकाची मनाई. शेवटी आहे त्या टाइलवर विजेवर तापणारी पातळ फिल्म आणि वर लाकडासारख्या लॅमिनेटच्या फळ्या, असं ठरलं. दुकानदार हसला, "दोहा में हीटिंग?"

बसवायला आलेला कारागीर रत्नागिरीकडचा निघाला, पन्नाशी उलटलेला. बायकोशी फोनवर चाललेलं माझं मराठी ऐकून म्हणाला, "साहेब, आधी सांगायचंत की! मी उगाच हिंदी फाडतोय."

दोन दिवस घरात बोलणं होतं. मुलीचा पलंग आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढला. भिंतीवरच्या तिच्या उंचीच्या पेन्सिलखुणा त्यानं पाहिल्या आणि कडेची पट्टी ठोकताना तेवढी भिंत जपली. त्याची मुलगी लग्नाची झाली होती. तिला त्यानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

काम संपल्यावर बटण दाबलं. आम्ही तळवे टेकून वाट पाहत बसलो. हळूहळू जमीन कोमट झाली.

"खलास, झालं काम," तो म्हणाला. पण उठला नाही. मी चहा करून आणेपर्यंत तो तिथेच आडवा होऊन झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. चहा निवला तरी शेजारी बसून राहिलो.

जाग आल्यावर तो ओशाळला, घाईघाईनं हत्यारं आवरू लागला.

"पुढच्या शुक्रवारी जेवायला या," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी मी दोघांपुरता भात टाकला. दुपारी त्याचा फोन आला, कंपनीनं त्याला तिकडे लांब दुखानच्या साइटवर पाठवलं होतं. जमीन नीट तापते ना, एवढंच विचारलं.

"तापते," मी म्हणालो.